सुनेची टीम तळाला

माझ्या सुनेची टीम तळाला का हाय, ते मला तिसऱ्याच आठवड्यात कळलं हुतं. आता तुमी म्हणाल, छबूबाई, तुमी सणसरात दुधाचं सेंटर चालवणाऱ्या, तुमाला बास्केटबॉलातलं काय कळतंय? बरं, न्हाय कळत. पर अठरा वर्सं मी दूध मापतेय. कॅनचं झाकण उघडलं की मशीन लावायच्या आधी सांगते, फॅट किती लागंल आन् पाणी किती घातलंय. गावातली अर्धी माणसं माझ्यावर खार खाऊन हायत ती त्येच्यापायीच. मला कुणी फसवलेलं खपत न्हाय, आन् कुणी आपलं नुकसान आपल्याच हातानं करून घेतलेलं तर मुळीच खपत न्हाय.

सून म्हंजे उत्कर्षा. बारामतीची. कॉलेजात आसताना बास्केटबॉल खेळायची, जिल्ह्याच्या टीममधी हुती. लगीन हून अडीच वर्सं झाली. मागल्या साली चौथ्या महिन्यात तिचं पोटातलं गेलं. ह्या वक्ताला दिवस ऱ्हायले तसं डॉक्टरीणबाईनं सांगून ठिवलं, खाटंवरनं उठायचं न्हाय, गाडीत बसायचं न्हाय आन् मन आनंदी ठेवायचं. पैल्या दोन गोष्टी मी करून घेतल्या. तिसरी काय जमंना.

दिसभर पोरगी भिंतीकडं तोंड करून पडायची. बोलाय गेलं की, "काही नाही आत्या, बरी आहे." शिरा केला, शेवया केल्या, टीव्ही उचलून तिच्या खोलीत नेला. माझा ल्योक यशराज एमआयडीसीत कामाला. त्यो संध्याकाळी आला की तेवढं हसायची, ते बी त्येच्यासाठी. फकस्त पहाटं साडेपाचला तिचं तोंड उजळायचं. दिवाळी झाल्यापासनं रोज फोन उशाशी उभा करायची आन् त्यात अमेरिकेतली ताडमाड माणसं बॉल आपटत पळायची, ती बगत बसायची. मी चहा घिऊन गेले आन् म्हणलं, "आगं, ह्या उघड्या दंडाच्या बाप्यांकडं बगून पोटातल्याला काय मिळणार हाय?" तर खुदकन हसली. कितीतरी दिवसांनी. मंग म्या ठरिवलं, रोज पहाटं हितंच बसायचं.

तिनं मला खेळ समजावला. कॉलेजच्या टीममधल्या आठ जणी. आता कोण बारामतीत, कोण कळंबला, कोण निमगाव केतकीला, एक पुण्याला. मैदानात खेळायचं सुटलं म्हणून त्यांनी फोनवर टीमा केल्या. अमेरिकेतले खरे खेळाडू आपसांत वाटून घेतले, एकीला चौदा. त्यातले दहा खेळवायचे, चार बाकावर बसवायचे. मॅच तिकडं खरोखरची चालती, आन् तुज्या माणसानं तिकडं जे केलं त्येचे पॉइंट हिकडं तुला. बॉल जाळीत टाकला की पॉइंट, उडालेला बॉल धरला की पॉइंट, दुसऱ्याला दिला आन् त्येनं टाकला तर देणाऱ्यालाबी. बॉल घालवला की वजा. बाकावरच्याचं कायबी धरत न्हाईत.

"म्हंजे सेंटरच की," म्या म्हणलं. "दूध किती ते येगळं, फॅट किती ते येगळं, आन् पाणी निघालं की कापायचं."

"अगदी तसंच, आत्या."

त्यांची नावं काय माझ्या जिभंला वळंनात. म्हणून मी माझी ठिवली. डोक्याला पट्टी बांधायचा त्यो पट्टीवाला. लई उंच त्यो ताड्या. पंचाशी कधी भांडत न्हाय, गुमान खेळतो, त्यो मुका. आन् एक नुस्ता हाडाचा सापळा हुता, त्यो काडीपैलवान.

तिसऱ्या आठवड्यात एक दिवस मी चष्मा लावला आन् म्हणलं, "उत्कर्षा, दाव तुजी टीम. आज तपासूच."

चांगलं काय, ते आधी सांगितलं. ताड्या आन् त्येच्यासंगं आणिक दोघं उंच, उडालेला बॉल कुणाच्या बापाला सोडत न्हाईत. तेवढी बाजू भक्कम. आता खोट. पट्टीवाला बादलीभर दूध देतो पर त्यात फॅट न्हाय, वीस वेळा बॉल टाकतो तवा सहा वेळा पडतो, आन् वरनं हातातला घालवतो. बॉल वाढणारा तर अख्ख्या टीममधी कोण न्हाय, समदे ताट घिऊन बसलेले. दोघांच्या नावाम्होरं लाल खूण, म्हंजे ते जायबंदी, खेळतच न्हाईत, तरी ते दहात! आन् ज्येचा आकडा रोज सगळ्यात मोठा, बॉल वाढतो, धरतो, टाकतो, घालवत न्हाय, त्यो मुका बाकावर!

"भाकड म्हस पुढं बांधून दुभती भाईर हाकललीस की गं! ह्येला बाकावर का बसवलाय?"

"त्याचा भरवसा नाही, आत्या."

"आगं तीन आठवडं बगतेय मी, एक दिस नागा न्हाय त्येचा."

"असू दे हो," म्हणली आन् फोन पालथा घातला.

माझं डोकंच फिरलं. जिल्ह्याला खेळलेली पोरगी, तिला एवढं दिसंना? आठ टीमांत हिची आठवी, सातवीच्या शंभर पॉइंट मागं. म्या इचारलं, "तळाला ऱ्हायलं की काय करत्यात?"

"शिक्षा असते. चौथ्या रविवारी, म्हणजे ह्या येत्या रविवारी सकाळी निकाल."

"कसली शिक्षा?"

"असते काहीतरी." आन् गालात हसली.

ते हसू मला दिसलं, पर डोक्यात शिरलं न्हाय. डोक्यात शिरली ती शिक्षा. सहा महिन्यांची पोटुशी पोरगी, खाटंवर पडलेली, आन् तिला शिक्षा देणाऱ्या ह्या सात भवान्या कोण? मी मनात म्हणलं, बगतेच कशी देत्यात ती.

त्याच आठवड्यात, बेस्तरवारी सांजच्याला तिच्या पोटात कळा आल्या. यशराजनं गाडी काढली. डॉक्टरीणबाईनं गाडीत बसू नको म्हणलेलं, पर तिच्याकडंच न्यायचं तर दुसरं करणार काय? कारखाना चालू झालेला, रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या एकामागं एक. तिला मागच्या शिटावर निजवली, तिच्या डोक्याखाली मी माझं लुगडं घडी करून दिलं. सेंटरवर दुधाची गाडी येऊन उभी, म्हणून मला जाता आलं न्हाय. गाडीचे लाल दिवे वळणावर दिसंनासे झाले, तवर मी रस्त्यातच उभी हुते. मागल्या साली बी आसंच ह्याच वळणावरनं गाडी गेली हुती.

दवाखान्यातनं फोन आला, ठोके बरे हायत, पर दोन दिस ठेवून घेणार. तिची आई तितं ऱ्हायली. मला रातभर डोळा न्हाय. पहाटं पाचलाच उठले, चहा ठिवला, सवयीनं दोन कप काढले आन् तिच्या खोलीत गेले. खाट मोकळी. फोन मातूर तसाच चार्जरला लावलेला, गडबडीत ऱ्हायला.

त्यो फोन उघडायचा आकडा मला म्हाईत हाय. सेंटरचे मेसेज तीच टाकती न्हवं, तवा बगून बगून पाठ झालेला. उघडला, तर तिची टीम म्होरं. लाल खुणेचे दोघं दहात, मुका बाकावर. मी देवाला हात जोडून झाले हुते, आंगारा लावून झाला हुता. करण्यासारखं दुसरं कायच ऱ्हायलं नव्हतं. म्हणलं, पोरीसाठी येवढं तरी करावं. घरी यील, टीम वर आलेली बगंल, शिक्षा टळलेली आसंल. आनंदी ठेवा म्हणल्यात न्हवं डॉक्टरीणबाई?

ती बोटानं कसं सरकवती ते रोज बगितलेलं. दोघा जायबंद्यांना भाईर काढलं. मुक्याला आत घेतला, बाकावरचे बाकीचे तिघं बी घेतले. पट्टीवाल्याला म्हणलं, बस जरा बाकावर, डोकं गार हू दे. काडीपैलवान बी भाईर. मंग पदरानं फोन पुसला आन् दुधाला गेले. हिंदुराव कॅन घिऊन उभाच हुता, त्येला म्हणलं, "थांबा जरा, आमची मॅच चालू हाय." त्यो बगतच ऱ्हायला.

काय सांगू, शुक्करवारी पॉइंटांचा पाऊस पडला. सनवारी परत तसंच केलं. दुपारपतोर टीम आठवीची सातवी! आठवीपेक्षा एकोणपन्नासनं पुढं. मी एकटीच स्वैपाकघरात टाळ्या पिटल्या.

सनवारी तीनला गाडी दारात आली. उत्कर्षाला अलगद उतरवली. मी उंबऱ्यात थांबवली, तिच्यावरनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, डोळ्याला पाणी लावलं. बाळ बरं, ती बरी. खाटंवर टेकली तसा मी फोन तिच्या हातात दिला आन् कमरंवर हात ठिवून उभी ऱ्हायले. म्हणलं, बग.

तिनं बगितलं. तिचं तोंड उतरलं. "आत्या, हे कुणी केलं?"

"मी! दुसरं कोण? टळली का न्हाय शिक्षा?"

आन् ती रडाय लागली. मागल्या साली दवाखान्यातनं रिकामी आली तवा बी पोरगी डोळे कोरडे ठिवून बसली हुती. आन् आज आवाज न करता घळाघळा. माझा जीव घाबरा झाला. "काय झालं गं? दुखतंय का? चुकलं का माझं काय?" कितीदा इचारलं. मंग नाक पुसून बोलली.

"शिक्षा म्हणजे जेवण, आत्या. तळाला जी असेल तिच्या घरी त्याच रविवारी सगळ्यांनी जेवायला जायचं. दहाला निकाल, दोनला जेवण."

"मंग ही कसली शिक्षा?"

"ज्यांना वर यायचंय त्यांना शिक्षा. मला तळालाच राहायचं होतं. मला कुठं जाता येत नाही. मी तळाला राहिले असते तर त्यांना इकडं यावंच लागलं असतं."

"आगं यड्ये, मंग बोलवायचं की सरळ! कोण नको म्हणलं आसतं?"

तिनं नुस्तं माझ्याकडं बगितलं.  आन् मला आठवलं.

लगीन हून दोन महिने झाले हुते. त्या समद्या जणी आल्या हुत्या, सांजच्याला, ऐन दुधाच्या टायमाला. कोण ट्रॅकपँटवर, एक तर हाफपँटवर. आंगणात ही आठवी पदर खोचून त्यांच्यात, आन् बॉल आपटणं चाललेलं. अर्धं गाव कॅन धरून तमाशा बगितल्यागत उभं. बॉल सुटला आन् हिंदुरावच्या कॅनला लागला. दहा लिटर दूध आंगणात. हिंदुराव समद्यांसमोर म्हणला, "छबूबाई, ह्या कोण? घर हाय का मैदान?" मला मेल्याहून मेल्यागत झालं. मी त्येला म्हणलं, "मला काय म्हाईत कोण हायत, सुनंच्या कुणीतरी." आन् पोरींकडं वळून म्हणलं, "परत यायचं आसंल तर माणसासारखं या." चुलीवर त्यांच्यासाठीच रस्सा रटरटत हुता. त्यांनी चपला घातल्या आन् गेल्या. माझ्या दारातनं सात पोरी उपाशी गेल्या. आन् मी ते विसरून गेले हुते. उत्कर्षा विसरली नव्हती.

"मागच्या वर्षी माझं ते झालं ना," ती म्हणली, "तेव्हा आमच्या टीममधली स्वरदा आली होती बारामतीहून. फाट्यापर्यंत. तिथनं फोन केला, येऊ का म्हणून. मीच म्हटलं, नको येऊ. तुम्हाला आवडलं नसतं. मग तिनं दूधगाडीवाल्याकडं डाळिंबं देऊन पाठवली."

ती पिशवी माझ्याच हातात आली हुती. म्या इचारलं हुतं कुणाची, तर उत्कर्षा म्हणलेली, डेअरीतल्या मॅडमची. ती डाळिंबं सोलून मीच तिला खायला घातली. दाणं काढता काढता म्हणले बी हुते, माणसं कशी चांगली आसत्यात बग.

मी उठून भाईर आले. त्या सांजच्याला दूध मापताना माझे आकडं दोनदा चुकले. अठरा वर्सांत चुकले न्हवते. कुणावर तरी वराडावं आसं वाटत हुतं, आन् वराडायला माझ्याशिवाय कोण घावंना.

परत आत गेले आन् म्हणलं, "बोलव त्यांना. मी सांगते."

"नको, आत्या. नियमानं आल्या असत्या तर कुणाला विचारायचं नव्हतं. तुम्हाला नाही, त्यांनाही नाही. आता मी बोलवायचं, त्यांनी तुम्हाला चालेल का विचारायचं... राहू द्या. उद्या जेवण स्वरदाकडं. तिचीच टीम आठवी आहे."

"म्हंजे ह्यो आठवा नंबर स्वरदाचा?"

"हो."

"मंग उद्या सकाळपतोर आपुन परत तळाला जाऊ की! हाय काय आन् न्हाय काय!"

ती डोळं पुसत हसली. "एकोणपन्नास पॉइंट आहेत, आत्या."

"दोन दिसात दीडशे चढिवले मी. एका दिसात पन्नास उतरवाय काय लागतंय?"

रविवारी पहाटं पाचला आमी दोघी खाटंवर मांडी ठोकून, म्हंजे मी मांडी ठोकून आन् ती उशीला टेकून, टीम तपासाय बसलो. आता समदं उलटं. जी खोट हुती ती चांगली, जे चांगलं हुतं ती खोट. मुक्याला बाकावर बसवताना माझ्या जिवावर आलं. म्हणलं, "बाबा, तुजा काय गुन्हा न्हाय." लाल खुणेचे दोघं आत. पट्टीवाला आत, त्येला म्हणलं, "घालव बाबा बॉल, मनसोक्त घालव." ताड्या आन् त्येच्यासंगतीचे दोघं उंच भाईर. एक जागा उरली. तिनं इचारलं, "काडीपैलवान?"

"घे की. चार मिनटं पळतो आन् धापा टाकत बसतो त्यो. सगळ्यात भरवशाचा."

त्या तीन तासांत आमी इतकं हसलो की भाईर दूध मापाय बसवलेला यशराज दोनदा डोकावून गेला. पट्टीवाल्यानं बॉल घालवला की आमी देवाचं नाव घ्यायचो. त्येनं बॉल जाळीत टाकला की मी त्येच्या सात पिढ्या काढायची. तिकडं स्वरदाची टीम चढत चालली. फरक चाळीस, तीस, अठरा. साडेआठला फरक सात. मी पदर तोंडात धरून बसले.

आन् मंग त्या मुडद्याला कुठनं अवदसा आठवली कुणास ठाऊक. काडीपैलवान! ज्येनं महिनाभर उभ्या उभ्या जांभया दिल्या, त्यो वारं प्यायल्यागत सुटला. हिकडनं टाकला पडला, तिकडनं टाकला पडला, डोळं मिटून टाकला तरी पडला. त्येच्या टीममधली माणसं त्येला मिठ्या मारत हुती. मी फोनपुढं वराडत हुते, "आरं बस की मुडद्या खाली! तुला आजच सुचलं व्हय!"

दहाला निकाल लागला. आमची टीम सातवी. स्वरदाची आठवी. अकरा पॉइंटांनी.

उत्कर्षानं फोन उशाखाली सारला. "जाऊ द्या आत्या. मजा आली," म्हणली आन् भिंतीकडं वळली.

मी त्या पाठीकडं बगत बसले. नियमाच्या आडनं काम झालं आसतं तर मला तोंड उघडायची येळच आली नसती. मी पुरणाच्या पोळ्या वाढल्या आसत्या, "या या" केलं आसतं, आन् त्या दिसाबद्दल एक अक्षर बोलले नसते. मला तेच हवं हुतं, खरं सांगते. माफी मागायची म्हणलं की माझ्या जिभंला गाठ पडती. पर त्या काडीपैलवानानं पळायला जागाच ठिवली न्हाय.

मी तिच्या उशाखालचा फोन काढला आन् तिच्यासमोरच स्वरदाला लावला.

"उत्कर्षा, अगं वाचलीस की तू!" तिकडनं आवाज आला.

"मी छबूबाई बोलतेय. तिची सासू."

 मंग घाबरून, "काकू, उत्कर्षा बरी आहे ना?"

"बरी हाय, बाळ बरं हाय. तुज्याशी मला बोलायचंय. त्या दिशी तुमी सात जणी माझ्या दारातनं उपाशी गेला. चूक तुमची नव्हती, माझी हुती. गावापुढं लाज वाटली म्हणून तुमच्यावर तोंड टाकलं. आन् मागल्या साली तू फाट्यावरनं माघारी गेलीस ते मला काल कळलं. पोरी, ते लई वाईट झालं. तिला तवा तू पायजे हुतीस." मी पदरानं कपाळ पुसलं. "आज समद्या हितं जेवायला या."

उत्कर्षा उठून बसली हुती. मी तिला हातानंच म्हणलं, पड.

"काकू, पण आज जेवण माझ्याकडं आहे. मी तळाला आहे. नियम..."

"नियम गेला खड्ड्यात. तुजी टीम तळाला का गेली ते बी सांगते तुला, पर हितं येऊन बस."

तिकडं ती नाक वढत हुती का हसत हुती, कळंना. मंग हळूच म्हणली, "येतो, काकू. गाडीत बॉल असतो माझ्या. तो घरी काढून ठेवते."

"काढून ठिवलास तर बग," म्या म्हणलं.

दोनचं जेवण, त्या आल्या तीनला, उसाच्या ट्रॉलीमागं आडकून. दोन गाड्यांतनं सात जणी उतरल्या आन् फाटकापाशीच घोटाळत उभ्या. त्यातली एक ह्या वक्ताला बी हाफपँटवर. मी बगितलं. म्हणलं, "थंडी वाजंल गं बये." मंग एकेकीवरनं ओवाळत बसले आसते तर रात झाली आसती, म्हणून सातजणींना वळीनं उभं केलं आन् समद्यांवरनं मिळून भाकरतुकडा ओवाळून टाकला. स्वरदा वाकून पाया पडली आन् डाळिंबाची पिशवी माझ्या हातात दिली. तसलीच पिशवी. मी ती घेतली, आन् कुणाची म्हणून इचारलं न्हाय.

जेवल्या. पोटभर जेवल्या. उत्कर्षाच्या खाटंला चौघींनी चार कोपऱ्यांना धरलं आन् तिला खाटंसकट ओसरीवर आणून ठिवली. मी वरडणार हुते, तर स्वरदा म्हणली, "काकू, डॉक्टरांनी उठायचं नाही म्हटलंय, उचलायचं नाही असं कुठं म्हटलंय?" मी तिची उशी मागनं घिऊन गेले. गोठ्यात बूड फाटलेली शेणाची पाटी पडली हुती, ती जाळी म्हणून यशराजकडनं लिंबाच्या फांदीला बांधून घेतली. पोरींनी बॉल काढला. उत्कर्षा उशीला टेकून वरडत हुती, "डावीकडं दे! अगं दे की तिला!" तिचा त्यो आवाज मी अडीच वर्सांत पैल्यांदा ऐकला.

पाच वाजले. माणसं कॅन घिऊन यायला लागली आन् मागल्यासारखीच आंगणाच्या कडंला उभी ऱ्हायली. हिंदुराव पुढं आला. पाटीकडं बगितलं, पोरींकडं बगितलं, आन् म्हणला, "छबूबाई, ह्या कोण म्हणायच्या?"

"आमच्या हायत," म्या म्हणलं. "आन् हिंदुराव, तुमचा कॅन जरा आत घ्या. बॉल लागंल."